शिफारस केलेल्या दुव्यांची यादी आपोआप अद्ययावत ठेवणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यादी आपोआप अद्ययावत ठेवणे म्हणजे नेमके काय काय करणे?

आपल्या संकेतस्थळावर आपण इतर संकेतस्थळांचे जे दुवे वाचकांना सुचवतो, त्यांची यादी अद्ययावत ठेवणे या एका नावाखाली चार वेगवेगळी कामे येतात आणि त्यांची गल्लत झाली की पुढचे बहुतेक घोटाळे सुरू होतात. पहिले काम म्हणजे यादीतला प्रत्येक पत्ता अजून उघडतो की नाही हे पाहणे. दुसरे, एखाद्या संकेतस्थळाचे नाव किंवा पत्ता बदलला असल्यास आपल्याकडची नोंद सुधारणे. तिसरे, त्या ठिकाणी अलीकडे काय लिहून आले आहे ते दाखवणे आणि हवे असल्यास त्यानुसार यादीचा क्रम लावणे. चौथे, यादीत कोणाला घ्यायचे आणि कोणाला वगळायचे हे ठरवणे. पहिली तीन कामे यंत्राकडे सोपवण्यासारखी आहेत, कारण ती नियमितपणे आणि न कंटाळता करावी लागतात. चौथे काम शिफारस करणाऱ्या माणसाचेच आहे. वाचक अशा यादीवर विश्वास ठेवतो तो तिच्यामागे कोणाची तरी निवड आहे म्हणूनच. पुढील सर्व उत्तरे ही विभागणी गृहीत धरून लिहिली आहेत.

वर्षातून एकदा हाताने तपासणी केली तर पुरेसे नाही का?

दहा-बारा दुवे असतील तर पुरेसे आहे आणि त्यासाठी कोणतीही यंत्रणा उभारण्याची गरज नाही. यादी मोठी असेल तर मात्र तिची झीज आपल्या कल्पनेपेक्षा वेगाने होते. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उपलब्ध राहिली नव्हती. शिफारसयादीत सहसा व्यक्तींनी स्वतःच्या हौसेने चालवलेली संकेतस्थळे असतात आणि त्यांचा सगळा डोलारा एका माणसाच्या उत्साहावर, आरोग्यावर आणि डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या नोंदणीकृत नावाचे, शुल्क वेळेवर भरण्यावर उभा असतो. म्हणूनच अशा यादीकडे अधिक बारकाईने लक्ष द्यावे लागते.

मूळ यादी कोणत्या स्वरूपात ठेवावी?

ओपीएमएल या स्वरूपात ठेवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. डेव्ह वाइनर यांच्या यूजरलँड या कंपनीने २००० साली हे स्वरूप आणले आणि फीड रीडरमधील (अनेक संकेतस्थळांवरचे नवे लेख एकत्र दाखवणाऱ्या साधनांमधील) वर्गण्यांची देवाणघेवाण करण्यासाठी ते सर्वत्र रुळले. एका साध्या मजकूर फाइलमध्ये प्रत्येक संकेतस्थळासाठी एक नोंद असते आणि तीत त्याचे नाव, वाचकाने उघडायच्या पानाचा पत्ता आणि यंत्राने वाचायच्या फीडचा, म्हणजे ताज्या लेखांची यादी देणाऱ्या फाइलचा, पत्ता अशा गोष्टी स्वतंत्रपणे लिहिलेल्या असतात. हे दोन पत्ते वेगळे ठेवणे फार महत्त्वाचे आहे, कारण पुष्कळदा त्यांपैकी एकच बदलतो.

दुसरा फायदा असा की ही फाइल कोणत्याही एका सेवेच्या मालकीची नसते. १ जुलै २०१३ रोजी गूगल रीडर हा फीड रीडर बंद झाला तेव्हा ज्यांनी आपली यादी ओपीएमएल फाइलमध्ये काढून घेतली होती, त्यांना ती दुसऱ्या रीडरमध्ये जशीच्या तशी भरता आली. संकेतस्थळावर दिसणारे पान, फीड रीडरमधली वर्गणी आणि वाचकांना उतरवून घेण्यासाठी दिलेली प्रत या तिन्ही गोष्टी या एकाच फाइलमधून तयार व्हाव्यात. एकच यादी दोन ठिकाणी हाताने सांभाळायची ठरवली की काही महिन्यांत त्या दोन वेगळ्या याद्या झालेल्या असतात.

मी फीड रीडरमध्ये जे काही वाचतो ते सगळे थेट यादी म्हणून दाखवता येईल का?

तांत्रिकदृष्ट्या येईल, कारण बहुतेक रीडर ओपीएमएल फाइल काढून देतात. पण तसे करू नये. सशुल्क वार्तापत्रांच्या किंवा खासगी ध्वनिमालिकांच्या (पॉडकास्टच्या) फीडच्या पत्त्यातच बहुधा वर्गणीदाराची गुप्त किल्ली गुंफलेली असते. ती फाइल जाहीर झाली की ती किल्लीही जाहीर होते. शिवाय आपण पुष्कळ गोष्टी केवळ नजर ठेवण्यासाठी, कामासाठी किंवा विरोधी बाजू समजून घेण्यासाठी वाचत असतो आणि त्या सगळ्यांची शिफारस आपल्याला करायची नसते. त्यावर उपाय असा की रीडरमध्ये ‘शिफारस’ नावाचा वेगळा फोल्डर करावा आणि स्क्रिप्टने, म्हणजे हे काम आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने, केवळ त्याच फोल्डरमधील नोंदी उचलाव्यात. मग एखादे संकेतस्थळ त्या फोल्डरमध्ये टाकणे हीच शिफारस ठरते आणि बाकीचे काम आपोआप होते.

वर्डप्रेस किंवा ब्लॉगर यांत यासाठी तयार सोय आहे का?

ब्लॉगरमध्ये ‘माझी ब्लॉग यादी’ हे विजेट आहे. ते प्रत्येक ठिकाणच्या ताज्या लेखाचे शीर्षक दाखवते आणि अलीकडे अद्ययावत झालेले वर अशा क्रमाने यादी लावू शकते. वर्डप्रेसमध्ये पूर्वी दुव्यांचे व्यवस्थापन मूळ प्रणालीतच होते. डिसेंबर २०१२ मध्ये आलेल्या ३.५ या आवृत्तीपासून नव्या संकेतस्थळांवर ते दिसेनासे झाले आणि आता त्यासाठी प्लगइन (वेगळा जोड-प्रोग्रॅम) घ्यावे लागते. तयार सोयी सुरुवातीला उपयोगी पडतात, पण मृत दुव्यांविषयी त्या फारशा सावध नसतात, त्यामुळे खाली दिलेली तपासणी वेगळी करावीच लागते.

ताज्या लेखांची माहिती कुठून घ्यावी?

फीडमधून घ्यावी; पान उघडून त्यातला मजकूर खरवडून काढण्याच्या मार्गाला जाऊ नये, कारण समोरच्याने पानाची मांडणी बदलली की तो मार्ग त्याच दिवशी मोडतो. सध्या तीन प्रकारची फीड भेटतात: १९९९ पासून वेगवेगळ्या आवृत्त्यांत चालत आलेले आरएसएस, २००५ मध्ये आरएफसी ४२८७ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने प्रमाणित झालेले अॅटम आणि २०१७ मध्ये आलेले जेसन फीड. कोणतीही चांगली फीड-वाचक लायब्ररी (स्क्रिप्टमध्ये वापरायचा तयार कोड) आरएसएस आणि अॅटम समजून घेते. जेसन फीडचा आधार मात्र लायब्ररी निवडताना पाहून घ्यावा.

खरी अडचण तारखांची असते. आरएसएसमध्ये तारीख जुन्या ईमेलच्या पद्धतीने लिहिली जाते, तर अॅटममध्ये वर्ष-महिना-दिवस या क्रमाने. काही फीडमध्ये कालविभाग चुकीचा असतो, काहींत तारीखच नसते आणि काहींत ती भविष्यातली असते. भविष्यातल्या तारखेची एक नोंद यादीच्या माथ्यावर जाऊन बसली की ती महिनोनमहिने हलत नाही. म्हणून उद्याच्या पुढची तारीख आढळल्यास ती न मानता आपल्या स्क्रिप्टला तो लेख प्रथम दिसला ती वेळ धरावी. तसेच ‘प्रकाशित’ आणि ‘सुधारित’ या दोन तारखांपैकी क्रमासाठी प्रकाशित तारीखच वापरावी, नाहीतर जुन्या लेखातली शुद्धलेखनाची एक दुरुस्ती तो लेख नवा म्हणून वर आणते.

यादीचा क्रम ताज्या लेखानुसार लावावा का?

तो लावणे सोपे आहे, म्हणून बहुतेक जण लावतात. परंतु त्याचा परिणाम काय होतो याचा विचार करावा. रोज चार ओळी लिहिणारा सतत वर राहतो आणि वर्षातून दोनदा, पण महिनाभर खपून लिहिणारा तळाशी जातो. पुष्कळदा आपल्याला मनापासून वाचायला सांगावेसे वाटते ते या दुसऱ्या प्रकारचे लेखन असते. आम्हांला योग्य वाटणारी रचना अशी, की यादीचा मूळ क्रम विषयवार किंवा आपण ठरवलेला असावा, प्रत्येक नावाखाली ताज्या लेखाचे शीर्षक आणि तारीख असावी आणि ‘नुकतेच लिहिलेले’ असा पाच-सात नोंदींचा वेगळा छोटा भाग वर असावा.

वाचकाच्या ब्राउझरमध्येच जावास्क्रिप्टने सगळी फीड का आणू नयेत?

कारण बहुतेक वेळा ते चालतच नाही. ब्राउझर सुरक्षेच्या कारणासाठी एका संकेतस्थळावरील स्क्रिप्टला दुसऱ्या संकेतस्थळावरचा मजकूर त्याने परवानगी दिल्याखेरीज वाचू देत नाही आणि तशी परवानगी फार थोडी फीड देतात. जिथे चालते तिथेही प्रत्येक वाचकामागे पन्नास संकेतस्थळांवर पन्नास मागण्या जातात आणि वाचकाचा आयपी पत्ता त्या सर्वांना कळतो. त्याऐवजी सर्व्हरवर ठरावीक वेळाने स्क्रिप्ट चालवून तयार पान ठेवावे. ह्यूगो, जेकिल किंवा इलेव्हन्टी यांसारखी स्थिर पाने घडवणारी साधने वापरणाऱ्यांना तर हे विशेष सोयीचे जाते: क्रॉन या ठरल्या वेळी कामे चालवणाऱ्या सोयीने स्क्रिप्ट चालते, माहितीची एक फाइल बदलते आणि पान पुन्हा घडते.

तपासणी किती वेळा करावी?

ताज्या लेखांसाठी दिवसातून काही वेळा आणि दुवे जिवंत आहेत का हे पाहण्यासाठी आठवड्यातून एकदा, एवढे कोणत्याही शिफारसयादीला पुरते. यापेक्षा अधिक वेळा विचारणे म्हणजे ज्यांचे लेखन आपल्याला आवडते त्यांच्याच सर्व्हरवर विनाकारण भार टाकणे होय.

विचारण्याची पद्धतही सौजन्याची असावी. फीड पहिल्यांदा उतरवताना सर्व्हरने ‘ईटॅग’ किंवा ‘लास्ट-मॉडिफाइड’ हे शीर्षलेख (उत्तरासोबत येणाऱ्या माहितीच्या छोट्या ओळी) पाठवले असतील तर ते जपून ठेवावेत आणि पुढच्या वेळी मागणीसोबत परत पाठवावेत. मधल्या काळात काही बदलले नसेल तर सर्व्हर ३०४ हा संकेतांक (उत्तराचा प्रकार सांगणारा आकडा) देतो आणि मजकूर पाठवतच नाही; दोन्ही बाजूंचे श्रम वाचतात. ४२९ हा संकेतांक आला तर आपण अतिरेक करत आहोत असा त्याचा अर्थ आहे. त्यासोबत ‘रिट्राय-आफ्टर’ हा शीर्षलेख असल्यास तेवढा वेळ थांबावे. आपल्या स्क्रिप्टने यूजर-एजंट या मागणीसोबतच्या शीर्षलेखात स्वतःची ओळख आणि आपल्या यादीच्या पानाचा पत्ता द्यावा, म्हणजे समोरच्याला ही मागणी कोणाची आहे हे कळते आणि हरकत असल्यास ती कळवता येते. काही फीड वेबसब ही पद्धत वापरतात. २०१८ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने शिफारस केलेल्या या पद्धतीत नवा लेख येताच आपल्यालाच निरोप येतो. पण त्यासाठी आपला सर्व्हर सतत जागा असावा लागतो, त्यामुळे छोट्या यादीसाठी हा खटाटोप आवश्यक नाही.

दुवा मृत झाला आहे हे यंत्राने कसे ठरवावे?

हा या सगळ्या विषयातला सर्वांत नाजूक भाग आहे, कारण घाईने घेतलेला निर्णय इथे एखाद्या चांगल्या लेखकाला यादीतून कायमचा बाहेर काढतो. सर्व्हर जे संकेतांक पाठवतो त्यांचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. ४१० म्हणजे पान जाणीवपूर्वक काढून टाकले आहे. हा सर्वांत स्पष्ट संकेत होय. ४०४ म्हणजे या पत्त्यावर काही सापडले नाही, पण ते तात्पुरतेही असू शकते. ५०० आणि ५०३ हे सर्व्हरच्या बिघाडाचे संकेत आहेत आणि त्यांवरून पान गेले असा निष्कर्ष काढणे चूक आहे. ४०३ कडे विशेष लक्ष द्यावे: पुष्कळ संकेतस्थळे आता स्वयंचलित भेटींना अडवतात, त्यामुळे वाचकाला व्यवस्थित दिसणारे पान आपल्या स्क्रिप्टला मात्र नाकारले जाते. ४५१ म्हणजे कायदेशीर कारणाने मजकूर रोखलेला आहे आणि तो इतर देशांतून दिसतही असेल. काही सर्व्हर केवळ शीर्षलेख मागणारी ‘हेड’ मागणी स्वीकारत नाहीत, म्हणून ती अयशस्वी झाल्यास लगेच साधी ‘गेट’ मागणी करून पाहावी.

या सगळ्यांतून आम्ही सुचवतो तो नियम असा: एकाच अपयशावर काहीही करू नये, किमान तीन आठवडे, वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या वेळी केलेल्या तपासण्या सलग अयशस्वी झाल्या तरच नोंदीवर ‘शंकास्पद’ अशी खूण करावी आणि यादी सांभाळणाऱ्याला ईमेल पाठवावा. नोंद पुसण्याचा अधिकार स्क्रिप्टला कधीच देऊ नये. आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. एकाच फेरीत यादीतले निम्म्याहून अधिक दुवे अयशस्वी ठरले तर बिघाड जवळजवळ निश्चितपणे आपल्याच जोडणीत किंवा आपल्याच स्क्रिप्टमध्ये असतो. अशा फेरीचे सर्व निष्कर्ष टाकून द्यावेत.

पत्ता बदलल्याचे सर्व्हरने कळवले तर आपली नोंद आपोआप बदलावी का?

काही बाबतींत बदलावी. ३०१ आणि ३०८ हे संकेतांक कायमचे स्थलांतर सांगतात, तर ३०२ आणि ३०७ तात्पुरते. तात्पुरत्या स्थलांतरावरून नोंद बदलू नये. कायमच्या स्थलांतरातही डोमेन तेच असेल, म्हणजे केवळ एचटीटीपीचे एचटीटीपीएस झाले असेल किंवा शेवटची तिरकी रेघ वाढली असेल, तर बदल निर्धास्तपणे आपोआप होऊ द्यावा. डोमेनच वेगळे झाले असेल तर मात्र माणसाने पाहिल्याशिवाय बदल करू नये. कारण पुढच्या प्रश्नात आहे.

पान व्यवस्थित उघडते, पण तिथे भलतेच काही दिसते. हे यंत्राला कळेल का?

संकेतांकावरून कळत नाही, कारण अशा ठिकाणी सर्व्हर २०० म्हणजे ‘सर्व ठीक’ असेच सांगतो. एखाद्याने डोमेनचे नूतनीकरण केले नाही की ते कोणीतरी विकत घेते आणि जुन्या नावाच्या पुण्याईवर तिथे जुगाराच्या किंवा बनावट औषधांच्या जाहिराती लावते. आपली शिफारस तशीच राहते आणि वाचक आपल्या शब्दावर विसंबून तिथे पोहोचतो. मृत दुव्याने वाचकाचा फक्त हिरमोड होतो, पण अशा बळकावलेल्या दुव्याने त्याचे खरे नुकसान होऊ शकते, आणि म्हणूनच आमच्या मते संपूर्ण स्वयंचलित तपासणीचे हेच मुख्य प्रयोजन असले पाहिजे.

यावर फीड हा उत्तम साक्षीदार ठरतो. डोमेन बळकावणारे जुने फीड सहसा चालवत नाहीत. त्यामुळे मुखपृष्ठ उघडते पण फीड नाहीसे झाले, अशी जोडी दिसली की धोक्याची खूण समजावी. त्याखेरीज पानाच्या शीर्षकाची आधीच्या शीर्षकाशी तुलना करावी, पानाची भाषा बदलली आहे का ते पाहावे आणि यापैकी काही आढळल्यास नोंद पुसू नये, पण माणसाने पाहेपर्यंत तिचा दुवा लपवून ठेवावा. डॉट-कॉमसारख्या सर्वसाधारण डोमेनांमध्ये मुदत संपल्यावर नूतनीकरणासाठी ४५ दिवसांपर्यंतचा सवलतकाळ असू शकतो, डोमेन काढून टाकल्यावर ते परत मिळवण्यासाठी ३० दिवस असतात आणि त्यानंतर ५ दिवसांनी ते कोणालाही घेता येते. रजिस्ट्रारनुसार, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीनुसार, प्रत्यक्ष सवलतकाळ कमी असू शकतो, तरीही स्क्रिप्टने वेळीच सावध केले तर मूळ लेखकाला एक ईमेल पाठवण्याइतका अवधी मिळतो. तो ईमेल जरूर पाठवावा. त्याच डोमेनवरचा ईमेल पत्ता मात्र अशा वेळी बंद पडलेला असू शकतो, म्हणून संपर्काचा दुसरा मार्ग शोधावा.

मूळ संकेतस्थळ खरोखर बंद झाले असेल तर?

इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन केलेली प्रत आहे का ते पाहावे. एखाद्या पत्त्याची कोणत्याही तारखेच्या जवळची प्रत उपलब्ध आहे का हे विचारण्याची सोय त्यांनी स्क्रिप्टसाठीही दिली आहे. प्रत सापडल्यास दुवा तिकडे वळवावा आणि शेजारी ‘जतन केलेली प्रत’ असे स्पष्ट लिहावे. इथे ताजी प्रत नव्हे, तर संकेतस्थळ सुस्थितीत असतानाची शेवटची प्रत निवडायची असते. नाहीतर बळकावलेल्या पानाचीच जतन केलेली प्रत आपण दाखवू. यादीत नवी नोंद करतानाच त्या पानाची प्रत जतन करण्याची विनंती पाठवून ठेवली तर पुढे शोधाशोध करावी लागत नाही.

जो लेखक दोन वर्षांत काहीच लिहीत नाही त्याला वगळावे का?

नाही. लेखन थांबले म्हणून आधीचे लेखन निरुपयोगी होत नाही. अशा नोंदी आपोआप ‘जुने, पण वाचण्याजोगे’ या गटात हलवाव्यात आणि नवा लेख आला की परत मूळ जागी आणाव्यात.

देवनागरी पत्ते असलेल्या दुव्यांसाठी वेगळे काही करावे लागते का?

पत्त्यात डोमेननंतरच्या भागातले देवनागरी अक्षर सर्व्हरकडे जाताना टक्केचिन्हांच्या सांकेतिक रूपात जाते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहिला जातो, त्यामुळे एका चिन्हाची नऊ अक्षरे होतात. तोच पत्ता एकदा देवनागरीत आणि एकदा सांकेतिक रूपात नोंदला गेला तर स्क्रिप्ट त्यांना दोन वेगळे दुवे समजते. शिवाय ‘ऱ’ हे अक्षर एकाच चिन्हाने किंवा ‘र’ला नुक्ता (खालचा टिंब) जोडून अशा दोन्ही प्रकारे साठवता येते आणि डोळ्यांना त्यात काहीच फरक दिसत नाही. म्हणून तुलना करण्यापूर्वी सर्व पत्ते युनिकोडच्या एनएफसी या एकाच प्रमाणित रूपात आणावेत. वाचकाला दाखवताना मात्र देवनागरी रूपच दाखवावे.

इतरांच्या फीडमधला मजकूर आपल्या पानावर आणणे सुरक्षित आहे का?

स्वच्छ करून घेतला तरच. शीर्षकातील सर्व एचटीएमएल खुणा काढून टाकाव्यात, दुवा एचटीटीपी किंवा एचटीटीपीएस यांनीच सुरू होतो याची खात्री करावी आणि एक्सएमएल (आरएसएस आणि अॅटम ज्या स्वरूपात लिहिलेली असतात ते) वाचणाऱ्या लायब्ररीत बाह्य संदर्भ उघडण्याची सोय बंद ठेवावी. पूर्ण लेख कधीही उचलू नये; शीर्षक आणि तारीख पुरे.

इतरांच्या शिफारसयाद्या वाचून आपली यादी आपोआप वाढवता येईल का?

येईल, कारण त्यांच्याही ओपीएमएल फाइली उघड असतात. पाच जणांच्या यादीत असलेले आणि आपल्याकडे नसलेले नाव शोधून काढणे हा स्क्रिप्टचा फार चांगला उपयोग आहे. मात्र ती नावे आपल्या ‘वाचून पाहायचे’ या खासगी फोल्डरमध्ये जावीत, जाहीर यादीत नव्हे. न वाचता केलेली शिफारस ही शिफारस नसते. पैसे घेऊन ठेवलेला दुवा असेल तर तो यादीत वेगळा ओळखू येईल असा ठेवावा आणि त्याच्या एचटीएमएल खुणेत ‘rel’ या गुणधर्माला ‘sponsored’ (प्रायोजित) हे मूल्य द्यावे; शोधयंत्रांची तशी अपेक्षा आहेच, पण वाचकाशी प्रामाणिक राहण्यासाठी ते त्याहून अधिक गरजेचे आहे.

स्क्रिप्टच बंद पडली तर ते कसे कळणार?

हा प्रश्न फार थोडे जण आधी विचारतात. गिटहब अॅक्शन्स या स्क्रिप्ट चालवणाऱ्या सेवेवर वेळापत्रकाने चालणारी कामे सार्वजनिक कोशात (रिपॉझिटरीत) ६० दिवस काही हालचाल न झाल्यास आपोआप थांबवली जातात. इतरत्र पासवर्डची मुदत संपते, लायब्ररीची नवी आवृत्ती येते किंवा डिस्क भरते. दर वेळी पान मात्र पूर्वीसारखेच दिसत राहते. म्हणून नवी माहिती आणण्यात अपयश आल्यास शेवटची चांगली माहिती तशीच ठेवावी, पण यादीच्या तळाशी शेवटच्या यशस्वी तपासणीची तारीख छापावी. ही तारीख स्क्रिप्टने तपासणी पूर्ण झाल्यावरच लिहावी. पान पुन्हा घडले तेव्हाची तारीख आपोआप छापली गेली तर ती वाचकाला खोटी खात्री देते. त्याचबरोबर स्क्रिप्टने दर आठवड्याला काहीही दोष आढळला नसला तरी एक छोटा ईमेल पाठवावा: किती दुवे तपासले, किती ठीक आहेत, कोणते शंकास्पद आहेत. तो ईमेल एखाद्या आठवड्यात आला नाही, तर प्रथम स्क्रिप्टची नोंदवही उघडून पाहावी.